नागपूरचा संसदीय अभ्यासवर्ग: राज्यशास्त्राच्या पोरांनी जावंच

एमए राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन करताय आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनातल्या अभ्यासवर्गाला जायचं की नाही असा विचार करत असाल तर हे वाचा. आम्हाला जायच्या आधी नीट सांगणारं कोणी भेटलंच नाही, सिनियर नुसतं "भारी असतंय, जावा" एवढंच म्हणायचे. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा हा वर्ग भरवते, डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन चालू असतं त्याच दिवसांत, आणि राज्यातल्या विद्यापीठांमधून विभागामार्फत नावं जातात. आम्ही कोल्हापूरहून मित्रमैत्रिणी मिळून गेलो.

प्रवासाचं आधी सांगते. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून सुटते आणि पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असं अख्खं राज्य आडवं कापत नागपूरला जाते, एक दिवस उलटून जातो गाडीत. स्लीपरमध्ये रात्री थंडी वाजते म्हणून शाल हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाला नको. पण मला वाटतं हा प्रवास एकदा तरी करावाच, कारण गोंदिया-गडचिरोलीच्या माणसाला मुंबई मंत्रालय किती लांब पडत असेल ते पुस्तकातून कळत नाही, गाडीत बसून पाठ दुखली की कळतं. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आपण परीक्षेला पाच मार्कांसाठी पाठ करतो, त्यात वर्षातून एक तरी अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं होतं, आणि १९६० पासून ते भरतंय. अलीकडे मात्र ते एक-दोन आठवड्यांत गुंडाळलं जातं. गाडीत भेटलेले अमरावतीचे एक काका यावर इतकं पोटतिडकीने बोलत होते की आम्ही सगळे पत्ते बाजूला ठेवून ऐकत बसलो.

आता वर्गाबद्दल. पीठासीन अधिकारी (म्हणजे सभागृह चालवणारे अध्यक्ष-सभापती), मंत्री, विरोधी पक्षातले नेते, विधिमंडळातले अधिकारी, अधिवेशन कव्हर करणारे पत्रकार अशी माणसं येऊन बोलतात आणि पोरांना प्रश्न विचारायला मिळतात. मला सगळ्यात जास्त आवडलं ते समित्यांवरचं बोलणं. लोकलेखा समिती, अंदाज समिती या सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या आमदारांच्या समित्या आम्ही नुसत्या व्याख्येपुरत्या शिकलेलो, पण कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालातल्या एका परिच्छेदावरून सचिवांना समितीसमोर बसवून कसं विचारलं जातं हे त्या कामात मुरलेल्या माणसाकडून ऐकलं की टीव्हीवर दिसणारा गोंधळ म्हणजेच विधिमंडळ हा समज जातो. वि. स. पागेंचा विषय निघाला तेव्हाही असंच झालं. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक, एवढं माहीत होतं. पण वरच्या सभागृहात बसून दुष्काळातल्या मजुराच्या हाताला काम देण्याचा विचार एका माणसाने इतकी वर्षं धरून ठेवला आणि १९७७ ला त्याचा कायदा झाला, हे ऐकताना मला खरंच अभिमान वाटला.

पण खरी मजा प्रेक्षक गॅलरीत. मोबाईल, बॅग काही आत नेता येत नाही, पास तपासून सोडतात, आणि आत हुं की चूं करायचं नाही. पहिला तास प्रश्नोत्तराचा. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर तोंडी द्यायचं असतं तो, पुकारला जातो, मंत्री उठतात, आणि मग उपप्रश्न सुरू झाले की बघा तुम्ही अधिकाऱ्यांच्या बाजूला. एखादा आमदार अडचणीचं विचारतो, तिकडे अधिकारी फायलीतून भराभर पानं उलटतात, कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी लिहितात, शिपाई ती चिठ्ठी घेऊन मंत्र्यांपर्यंत जातो आणि मंत्री तोपर्यंत बोलतच असतात, चिठ्ठी हातात पडली की आकडा येतो! टीव्हीवर हे कधीच दिसत नाही कारण कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो. एका सिंचन योजनेवर प्रश्न चालू होता तेव्हा आमची जत तालुक्यातली मैत्रीण पुढे वाकून बसली होती, तिच्या घरी टँकरचं पाणी बघितलेलंय तिने, आणि उत्तर "कार्यवाही सुरू आहे" असं आलं तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "उपप्रश्न मी विचारला असता तर सोडलं नसतं." जायच्या आधी लक्षवेधी म्हणजे काय, २९३ ची चर्चा म्हणजे काय, पुरवणी मागण्या कशा मांडतात हे वाचून जा, नाहीतर खाली काय चाललंय ते निम्मं डोक्यावरून जाईल.

आणि एक करा, दुपारी मोकळा वेळ मिळाला की मोर्चे बघायला जा. यशवंत स्टेडियम, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, झिरो माइल हा सगळा पट्टा अधिवेशनात भरलेला असतो. बॅरिकेडच्या अलीकडे बायका डांबरावर चटया टाकून बसलेल्या, कडेवर पोरं, डब्यातली भाकरी सोडलेली. मग चार-पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून मंत्र्यांकडे निवेदन द्यायला जातं आणि बाकीचे हजारो लोक ते परत येईपर्यंत तिथेच. त्याच भागात गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरंच जास्त. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो. माझं स्पष्ट मत आहे की आतली गॅलरी आणि बाहेरचा रस्ता दोन्ही बघितल्याशिवाय हा वर्ग पूर्ण होत नाही.

खाण्याची काळजी करू नका. सकाळी तर्री पोहे खायचे, पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, वर शेव-कांदा, थंडीत तर स्वर्ग. कोल्हापूरच्या पोरांना तिखटाचा लई गर्व असतो, तरी सावजी मटणाने आमच्यातल्या दोघांना घाम फोडला. काळ्या मसाल्याची चव आपल्या तांबड्यापेक्षा एकदम वेगळी आहे, तुलना करायला जाऊ नका.

वाईट अनुभव एकच, लॉजचा. वर्ग संपल्यावर फिरायला म्हणून आम्ही एक रात्र जादा थांबलो, स्टेशनजवळ ऑनलाइन बुकिंग केलेलं, आणि काउंटरवर गेल्यावर "अधिवेशनाचा सीझन आहे, या रेटला नाही होणार" म्हणून वरचे पैसे मागितले. रात्री अकरा वाजता सामान घेऊन मुली कुठे जाणार, दिले. गरम पाणीही नव्हतं. हे सरळ अडवणूक करणं आहे आणि अधिवेशनाच्या दिवसांत बाहेरून आलेल्या लोकांना असं लुबाडू नये. तुम्ही थांबणार असाल तर आधी फोन करून रेट पक्का करा आणि मेसेजवर लिहून घ्या.

माझ्याकडून वर्गाला पाचपैकी पाच, लॉजला शून्य. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच विभागप्रमुखांच्या मागे लागा, ओळखपत्र आणि पासपोर्ट साईझ फोटो तयार ठेवा, आणि परतीचं रिझर्व्हेशन तारीख कळल्या कळल्या काढा, अधिवेशनात गाड्या फुल्ल असतात.