रॅम सोळा जीबीची एक की आठ-आठच्या दोन? घरच्या संगणकावरील नऊ महिन्यांचा अनुभव

लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका यांची अक्षरजुळणी घरीच करता यावी, म्हणून मी गेल्या जूनमध्ये परभणीतल्या एका दुकानातून संगणक असेंबल करून घेतला. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, बोर्ड रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या) चार स्लॉटचा आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानदार म्हणाला, "सर, सोळाची एकच टाका, म्हंजे पुढं वाढवता येती." मला ते पटले. आठ-आठच्या दोन बसवल्या असत्या तरी दोन स्लॉट मोकळेच राहिले असते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

दिवाळीपर्यंत माझी काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती मुलाची, कारण त्याचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम वळणावर हमखास अडखळत असे. शेवटी भाच्याने आपल्या संगणकातल्या तेवढ्याच वेगाच्या आठ-आठच्या दोन रॅम काढून आणल्या आणि आठवडाभर माझ्याकडे राहू दिल्या. एकूण मेमरी तीच, १६ जीबी; तरीही सेकंदाला ३८च्या आसपास असणाऱ्या फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणारी चित्रे, ५५च्या घरात गेल्या. माझी पत्रिकेची फाइल मात्र उघडायला पूर्वीइतकाच वेळ घेत होती आणि पीडीएफ तयार होण्याच्या वेळेतही मला फरक आढळला नाही.

याचे कारण सरळ आहे. डीडीआर४-३२०० रॅमचे एक चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातला माहितीचा मार्ग, ६४ बिट रुंद असते आणि त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाऊ शकते. दोन रॅम वेगवेगळ्या चॅनेलवर बसून दोन चॅनेल चालू झाली की ही मर्यादा ५१.२ जीबी होते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्याने ते याच रॅमवर अवलंबून असते, त्यामुळे एका चॅनेलची चणचण सर्वात आधी त्यालाच जाणवते. अक्षरजुळणीला एवढ्या वेगाची गरजच पडत नाही.

भाच्याच्या रॅम परत केल्यावर मी पहिल्यासारखीच सोळाची दुसरी रॅम आणली आणि घरीच, पहिलीच्या अगदी शेजारच्या स्लॉटमध्ये, बसवली. टास्क मॅनेजरमध्ये ३२ जीबी दिसले, मी खूश झालो. गेम मात्र होता तिथेच. सीपीयू-झेड या संगणकाच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिले तर चॅनेल एकच! माझ्या बोर्डवर शेजारचे दोन स्लॉट एकाच चॅनेलचे आहेत आणि दोन रॅम प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात, हे बोर्डसोबतच्या पुस्तिकेत चित्रासह दिले होते. ती पुस्तिका खोक्याच्या तळाशी, पिशवीतूनही न काढलेली, पडून होती. त्याच वेळी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारा पर्याय) बंद असल्याचे आणि रॅम ३२००ऐवजी २६६६वर चालत असल्याचेही आढळले, म्हणजे पहिले चार महिने मी विकत घेतलेला वेगसुद्धा पुरता वापरला नव्हता.

माझ्यासारखा ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी आठ-आठच्या दोन घ्याव्यात. बोर्डला दोनच स्लॉट असतील आणि वर्षभरात ३२ जीबी नक्की करायचे असेल, तरच सोळाच्या एकीला अर्थ आहे; केवळ टायपिंग आणि हिशेब असेल, तर दुकानात जी स्वस्त पडेल ती चालेल.

फेब्रुवारीत एका सकाळी संगणक सुरू झाला, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच राहिला. आमच्या घरासमोरचा रस्ता कच्चा असल्याने कॅबिनेटमध्ये धुळीचा थर साचला होता. वीज बंद करून दोन्ही रॅम काढल्या, सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसल्या आणि दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवल्या, तेव्हा पडदा उजळला. त्यानंतर दर महिन्याला ब्लोअर मारतो; अजून तरी पुन्हा तसे झालेले नाही.