डोंगरातली ओवी टिपायची: फोन की रेकॉर्डर?

सह्याद्रीतल्या वाड्यावस्त्यांवर जात्यावरच्या ओव्या, तारपा (भोपळ्याचं फुंकवाद्य), गोंधळातल्या कथा टिपायला निघणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो: खिशात चांगला फोन असताना वेगळ्या रेकॉर्डरवर पैसे का घालवायचे?

फोनची बाजू लंगडी नाही. तो घरोघरी ओळखीचा, त्यामुळे आजी बुजत नाहीत. रेकॉर्डरवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी चढवली की आधी तिचीच चौकशी होते. जात्याच्या खुंट्यावर हात कसा फिरतो, वैरण (दळायचं मूठभर धान्य) कधी घालतात, तारप्याच्या भोकांवर बोटं कशी पडतात, हे दाखवायला व्हिडिओच हवा. तिथे फोन उत्तम.

गाडी अडते ती आवाजाच्या पातळीपाशी. फोन ती आपल्या मनाने वरखाली करतो. ओवीत एक बाई ओळ म्हणते, श्वास घेते, दुसरी ती उचलते. मधल्या श्वासात आवाज पडला असं समजून फोन गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, चढवतो आणि जात्याची घरघर अंगावर येते. पुढची ओळ सुरू झाली की पुन्हा दबते. एका लयीत चाललेलं दळण ऐकताना हेलकावे खातं. काही फोन तर सलग घरघर गोंगाट समजून पुसूनच टाकतात, आणि पुसलेलं परत आणता येत नाही. कॉलरचा माइक लावा, असा सल्ला मिळतो. त्याने गाणारीचा आवाज जवळ येतो खरा, पण ही कारागिरी फोनच्या आत चालते. ती बहुतेक वेळा तशीच राहते. माझ्यापुरता निकाल इथेच रेकॉर्डरच्या बाजूने लागला. तुम्ही फक्त बोलून सांगितलेल्या कथा टिपणार असाल, तर कदाचित हे इतकं खटकणार नाही.

रेकॉर्डरवर ऑटो लेव्हल (पातळी आपोआप बदलणारी सोय) आणि लो-कट (खालचे, घुमणारे आवाज कापणारी सोय) बंद ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी. सर्वात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. ओवीसाठी तोंडापासून दीड-दोन हात पुरे. तारपा किंवा संबळ असेल तर दोन-तीन मीटर मागे सरका. जात्याशेजारी रेकॉर्डर थेट जमिनीवर ठेवलात तर दगडाची थरथर त्यात उतरते. खाली गोधडीची जाड घडी घाला. घरात फोमची टोपी चालते, पठारावर केसाळच लागते.

रेकॉर्डरचेही नखरे आहेत. बऱ्याच रेकॉर्डरवर लाल बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, काटे हलतात, पण मुद्रण सुरू होत नाही. ते दुसऱ्यांदा दाबल्यावर. अख्खी कथा अशी हातची जाते. दिवा स्थिर झालाय आणि सेकंद पुढे सरकताहेत, हे पाहूनच मान हलवा. सेलचा जादा जोड जवळ असू द्या.

फोन मात्र घरी ठेवू नका. फ्लाइट मोडवर टाकून व्हिडिओ चालू करा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही फाइली नंतर जुळवता येतील. टाळीपाठोपाठ नाव, गाव, तारीख, गाणं कुणाकडून शिकल्या आणि ते इतरांना ऐकवायला हरकत नाही ना, हे त्यांच्याच आवाजात त्याच फाइलीत घ्या.