ऑनलाइन याचिका: पुण्यातल्या प्रश्नांसाठी बरेच महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. माणसं गोळा करायला ऑनलाइन याचिकेइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. निर्णय बदलून घ्यायला मात्र ती एकटी जवळजवळ निरुपयोगी आहे. सह्यांचा आकडा फुगत असताना हे पटत नाही, पण हरकतींची मुदत संपते आणि हातात एकही आवक क्रमांक (कार्यालयाने कागद घेतल्याची नोंद) नसतो तेव्हा लगेच पटतं.

मूळ अडचण साइटची नाही, कायद्याची आहे. ब्रिटनच्या संसदेच्या संकेतस्थळावर 10 हजार सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं, 1 लाख झाल्या की सभागृहातल्या चर्चेसाठी विषय विचारात घेतला जातो. तिथेही 2019 मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणणाऱ्या याचिकेवर 60 लाखांच्या वर सह्या पडल्या, चर्चा झाली आणि सरकारने मागणी नाकारली. आपल्याकडे तर असा आकडाच ठरलेला नाही. चेंज डॉट ऑर्ग या याचिकांच्या साइटवर 50 हजार सह्या झाल्या म्हणून पुणे महापालिकेतल्या कुठल्याही अधिकाऱ्यावर उत्तर द्यायचं बंधन येत नाही. लोकसभेची याचिका समिती आहे, पण तिथे ठरलेल्या नमुन्यातला अर्ज लागतो, प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही लागते, आणि तो खासदाराच्या प्रतिस्वाक्षरीने सभागृहात मांडला जातो. साइटवरून उतरवलेली नावांची यादी तिथे चालत नाही. राज्य विधिमंडळाचीही विनंती अर्ज समिती आहे. शहरातल्या एखाद्या रस्त्यासाठी तिथवर जाणं सहसा लांबचा वळसा ठरतो.

बंधन येतं ते 'हरकती व सूचना' या दोन शब्दांपाशी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, 1966 च्या कलम 37 खाली विकास आराखड्यात (शहरातली कुठली जमीन कशासाठी, हे ठरवणारा नकाशा) फेरबदल करायचा असेल, म्हणजे एखाद्या जागेवरचं बाग-शाळेसारखं आरक्षण उठवायचं असेल किंवा रस्त्याची आखणी हलवायची असेल, तर महापालिकेला सूचना प्रसिद्ध करून एक महिन्यापर्यंत हरकती मागवाव्या लागतात. त्या महिन्यात आलेल्या कागदाला वजन असतं. महिना उलटल्यावर आलेल्या दसपट सह्यांना नसतं. 2013 मध्ये जुन्या हद्दीचा विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा पुणेकरांनी सुमारे 87 हजार हरकती-सूचना दिल्या होत्या. त्या याचिकेवरच्या सह्या नव्हत्या, नोंदवलेल्या हरकती होत्या, आणि म्हणूनच नियोजन समितीला सुनावण्या घ्याव्या लागल्या. पुढे 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्याकडे घेतला आणि तो जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला. सगळं मनासारखं झालं असं नाही. पण 87 हजार कागद बाजूला सारून कुणाला पुढे जाता आलं नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून आमचा क्रम उलटा आहे. आधी जाहिरात शोधायची, मग याचिका लिहायची. महापालिकेची जाहीर प्रकटनं वर्तमानपत्रात बारीक टायपात येतात आणि संकेतस्थळावरही टाकली जातात. त्यातून तीन गोष्टी उतरवून घ्यायच्या: जावक क्रमांक व तारीख, हरकत कुणाच्या नावे द्यायची तो अधिकारी, आणि शेवटची तारीख. हे तिन्ही याचिकेच्या पहिल्या परिच्छेदात आले पाहिजेत. 'पुण्याची हिरवाई वाचवा' या मथळ्याखाली मुख्यमंत्र्यांना उद्देशून लिहिलेली याचिका दिसते छान, पण ती कुठल्या फाइलला लावायची हे कारकुनाला कळत नाही. ती कुठेच लागत नाही.

झाडांचं उदाहरण घेऊ, कारण पुण्यात सर्वांत जास्त याचिका झाडांवरच निघतात. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाडं तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लागते. 2021 च्या दुरुस्तीने 200 किंवा जास्त झाडांचे प्रस्ताव काही अटींनी राज्य पातळीवरच्या वृक्ष प्राधिकरणाकडे दिले, म्हणजे मोठ्या प्रकल्पात पत्ताच बदलू शकतो. नोटिशीत झाडांची संख्या, किती तोडणार आणि किती पुनर्रोपण करणार हे दिलेलं असतं. हरकतीत नेमकं यावरच बोट ठेवायचं. उदाहरणार्थ: 'नोटिशीतील अमुक क्रमांकाचा वड पुनर्रोपणाच्या यादीत आहे. खोडाचा घेर पाहता तो जगण्याची शक्यता किती, याचा अहवाल नोटिशीसोबत नाही. तो द्यावा आणि तोवर निर्णय थांबवावा.' एवढ्या तीन वाक्यांना अधिकाऱ्याला उत्तर लिहावं लागतं. 'झाडं आपले श्वास आहेत' याला काय उत्तर लिहिणार?

आता साधन कुठलं वापरायचं. चेंज डॉट ऑर्गची ताकद म्हणजे लोकांना ती ओळखीची आहे, मोबाइलवर नीट उघडते, मराठीत लिहिता येतं आणि सही करणाऱ्यांना नंतर घडामोडी कळवता येतात. शेवटची सोय सर्वांत मोलाची. तोटा असा की याचिका सुरू करणाऱ्याला सह्यांची जी यादी मिळते तिच्यात नाव, गाव, पिन कोड, तारीख असा मजकूर असतो, ईमेल पत्ता किंवा फोन नसतो. उद्या साइटवरून उठून लोकांना थेट निरोप द्यायचा म्हटलं तर हातात काही नाही. शिवाय सही केल्यावर पैसे भरायचा पर्याय येतो. ते पैसे याचिका लोकांना जास्त दिसावी म्हणून साइटलाच जातात, स्थानिक गटाकडे येत नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर 'आम्ही दिलेले पैसे कुठे गेले' हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचा डाग निष्कारण आयोजकांवर पडतो.

त्यामुळे आम्ही दोन पायऱ्या ठेवतो. साइटवरची याचिका म्हणजे फलक, आणि तिच्यात एका साध्या गूगल फॉर्मचा दुवा. फॉर्ममध्ये पूर्ण नाव, पत्ता, पिन कोड आणि 'हरकतीच्या कागदावर माझं नाव व पत्ता जाईल हे मला मान्य आहे' अशी खूण. प्रभाग क्रमांक विचारत बसू नका. प्रभागरचना इतक्यांदा बदलली आहे की तो कुणाला पाठ नसतो, लोक काहीही भरतात. पिन कोड मात्र बरोबर येतो, आणि 411 ने सुरू होणाऱ्या (आणि समाविष्ट गावांतल्या काही 412 च्या) ओळी वेगळ्या काढल्या की पुण्याबाहेरच्या बहुतेक सह्या आपोआप बाजूला पडतात. हे करावंच लागतं. निवेदन हातात घेतल्यावर समोरचा पहिला प्रश्न विचारतो तो 'यातले इथले रहिवासी किती?' बंगळुरू आणि लंडनच्या सह्या मिसळलेली यादी असेल तर चर्चा तिथेच संपते. बाहेरगावच्या पुणेकरांचा जीव तुटतो हे खरं. त्यांची यादी वेगळी जोडावी, मिसळू नये.

तिसरी पद्धत म्हणजे एका बटणावर तयार ईमेल उघडणारी लिंक. इंग्रजी मजकुराला ती झकास चालते, मराठीला दगा देते, आणि का ते कुणी सांगत नाही. लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांत रूपांतरित होतं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'पुणे' हा दोन अक्षरी शब्द लिंकमध्ये 36 अक्षरांचा होतो. काही ब्राउझर आणि मेलची अॅप्स दोनेक हजार अक्षरांपुढची लिंक कापतात. म्हणजे चाळीसेक मराठी शब्दांनंतर पत्र अर्ध्यात तुटतं, आणि पाठवणाऱ्याला ते लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे: लिंकमध्ये फक्त पत्ता आणि छोटा विषय ठेवायचा, मजकूर वेगळ्या पानावर ठेवून कॉपी करायला सांगायचं. त्यात 'दुसरा परिच्छेद तुमच्या शब्दांत लिहा' अशी रिकामी जागा सोडली तर आणखी एक फायदा होतो: पत्रं एकसारखी राहत नाहीत. तोच विषय, तोच मजकूर असलेले ईमेल एका फिल्टरने एका फोल्डरमध्ये टाकता येतात आणि 'एकाच आशयाच्या इतक्या हरकती' म्हणून एका ओळीत मोजता येतात.

संख्या आणि आशय यातला फरक पाहायचा तर ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, दोन प्रकरणं शेजारी ठेवावीत. 2015 च्या मार्चमध्ये नेट न्यूट्रॅलिटीशी (इंटरनेटवर सगळ्या साइटना समान वागणूक) संबंधित सल्लामसलत पत्रात ट्रायने 20 प्रश्न विचारले होते. सेव्ह द इंटरनेट मोहिमेने त्या 20 प्रश्नांची उत्तरं तयार करून दिली आणि 10 लाखांवर ईमेल गेले. त्याच वर्षाच्या शेवटी दरभेदावर (वेगवेगळ्या साइटसाठी डेटाचा वेगळा दर) 4 प्रश्नांचं दुसरं पत्र आलं. तेव्हा फेसबुकने फ्री बेसिक्सच्या, म्हणजे निवडक साइट फुकट देण्याच्या आपल्या योजनेच्या, बाजूने आपल्या वापरकर्त्यांकडून भरमसाठ साचेबंद पाठिंबा पाठवला, पण त्यात त्या 4 प्रश्नांची उत्तरंच नव्हती, आणि ट्रायने तसं स्पष्ट सुनावलं. 8 फेब्रुवारी 2016 रोजी दरभेदाला मनाई करणारा नियम निघाला. दोन्हीकडे बटण दाबणारे सामान्य लोकच होते. फरक प्रश्नाला धरून लिहिण्याचा होता.

यातल्या पहिल्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ट्रायने आलेले ईमेल जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकले, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट. लाखो पत्ते उघडे पडले. हरकत हा सार्वजनिक कागद असू शकतो, हे फॉर्मवर ठळक लिहावं. फोन नंबर हरकतीच्या कागदावर देऊ नये. बिल्डरविरोधात हरकत घेणारा त्याच इमारतीत भाड्याने राहत असेल, तर हा मुद्दा नुसता तात्त्विक राहत नाही.

व्हॉट्सअॅपवर फिरवताना एक तांत्रिक खोच आहे. बऱ्याचदा फॉरवर्ड झालेला मेसेज पुढे एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी मजकूर नव्याने टाइप करून टाकायचा आणि शेवटची तारीख पहिल्याच ओळीत लिहायची. पोस्टर नको. चित्रातला मजकूर कॉपी होत नाही आणि लिंक दाबता येत नाही.

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग कागदाचा. एका पानाचं निवेदन, मागे सह्यांची छापील यादी, प्रत्येक पानाला क्रमांक, आणि सगळ्याच्या दोन प्रती. जाहिरातीतल्या अधिकाऱ्याच्या कार्यालयातली आवक-जावक खिडकी गाठायची, एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्का फक्त वरच्या पानावर मारतात. म्हणून निवेदनातच 'सोबत पाने 1 ते अमुक, एकूण नावे इतकी' असं लिहिलेलं असावं, नाहीतर यादी नंतर सुटी झाली तर ती कधी दिलीच नव्हती असं होऊ शकतं. 'ईमेल करा, पोहोचेल' असं सांगितलं तरी कागद द्यावा. शेवटच्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर जाऊ नये.

मुदत संपली की माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. प्राप्त हरकतींची एकूण संख्या, सुनावणीचं इतिवृत्त आणि प्रत्येक हरकतीवरच्या अभिप्रायाची प्रत मागायची. 'का' आणि 'कसे' विचारायचं नाही, कागद मागायचे. उत्तराला 30 दिवस. बरेचदा अभिप्रायाच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच वाक्य चिकटवलेलं सापडतं, आणि कोर्टात जायची वेळ आली तर वकील पहिल्यांदा तेच पान मागतो.

याचिका कुणाला उद्देशून लिहायची हेही बदललं आहे. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या काळात सगळं प्रशासकाच्या हाती होतं. दार ठोठवायला नगरसेवकच नाही म्हटल्यावर ऑनलाइन सह्यांना पूर आला, यात नवल नाही. वेताळ टेकडीवरच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचं पाहा. तिथे नुसत्या सह्या नव्हत्या, हरकती होत्या आणि एप्रिल 2023 मध्ये लोक रस्त्यावरही उतरले. याचिकेचं खरं काम हेच, सही करणाऱ्याला पुढच्या पायरीवर आणणं. आता पुन्हा नगरसेवक आहेत, तेव्हा निवेदनाची एक प्रत प्रभागातल्या सगळ्यांना द्यावी, पक्ष न बघता.

खड्डा, तुंबलेलं चेंबर, बंद दिवा यासाठी याचिका काढू नका. त्याला महापालिकेचं तक्रार अॅप आहे आणि तक्रार क्रमांक मिळतो. पन्नास जणांनी एका याचिकेवर सही करण्यापेक्षा पन्नास तक्रार क्रमांक जास्त टोचतात. फुटपाथ, बाक, छोटी दुरुस्ती यांसाठी 2006 पासून चालत आलेला सहभागी अर्थसंकल्प आहे, म्हणजे नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठीची तरतूद. त्याचे अर्ज ठरावीक काळातच घेतात, क्षेत्रीय कार्यालयात तारीख विचारून ठेवावी.

एक बारीक गोष्ट सुनावणीची. पत्र प्रत्येक हरकतदाराच्या पत्त्यावर वेगळं येऊ शकतं, तेही अगदी थोड्या दिवसांची सूचना देऊन आणि कामाच्या दिवशी. तेव्हा फॉर्ममध्येच विचारून ठेवा: सुनावणीला तुम्ही स्वतः येणार की प्रतिनिधीला अधिकारपत्र देणार? अधिकारपत्राचा नमुना आधीच जोडून द्या, त्यावर सही हातानेच घ्या. प्रत्येकाच्या हरकतीचा आवक क्रमांक त्या अधिकारपत्रावर लिहिलेला असावा. प्रतिनिधी आत गेला की टेबलामागून तोच आधी विचारतात.