उपनगरातील दुमजली स्वतंत्र घर आणि भोवतालची वस्ती : 14 महिन्यांच्या वास्तव्यानंतर

या घरात राहायला येऊन 14 महिने झाले, म्हणजे सगळे ऋतू एकदा अनुभवून झाले. घर पाहायला आलो तेव्हा खोल्या, फरशी आणि कपाटे पाहण्यात आम्ही दोन तास घालवले. ऊन कुठून येते आणि पाणी कुठे जाते हे मात्र कोणालाच विचारले नाही. पुढचा बहुतेक त्रास या दोन गोष्टींनीच दिला.

वरची मोठी खोली पश्चिमेला आहे. नऊ इंची विटांची भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता काही तासांनी आत सोडते, त्यामुळे उन्हाळ्यात बाहेर वारा सुटला तरी रात्री अकरा वाजता भिंतीवर तळहात ठेवला, तर ती कोमट लागायची. मावळतीचे ऊन तिरपे, छज्जाच्या खालून आत शिरते, त्यामुळे छज्जाचा उपयोग नाही. आतून जाड पडदा लावावा, तर उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते. खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक सोडली, तेव्हा कुठे झोप लागू लागली.

पाण्याने अधिक दमवले. पहिल्या पावसाळ्यानंतर जिन्याखालच्या भिंतीचा रंग फुगला आणि नखाने टोकरल्यावर पापुद्रा निघून आतली पांढरी भुकटी बोटाला लागली. भिंतीला लोणा लागला होता, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार वर साचले होते. आम्ही दोनदा रंग दिला आणि दोन्ही वेळा पैसे वाया गेले, कारण ओल वरून झिरपत नव्हती, जमिनीतून विटांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे वर चढत होती. कारण शेजारच्या काकांच्या लक्षात आले : आधीच्या मालकांनी मागच्या अंगणात भर घालताना माती जोत्यातल्या ओलरोधक थराच्याही (जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून घातलेल्या थराच्या) वर नेली होती. ती खणून खाली केल्यावर ओल थांबली. इतकी जाड भिंत सुकायला मात्र अनेक महिने लागतात, त्यामुळे पुढचा रंग आम्ही घाईने दिलेला नाही.

वरच्या न्हाणीघरात शॉवरची धार बारीक आहे. टाकी शॉवरपेक्षा जेमतेम 3 मीटर उंच आहे आणि 1 बार दाबासाठी सुमारे 10 मीटर उंची लागते, हे आधी ठाऊक असते तर प्रेशर पंपाची तरतूद केली असती. जिन्याची शेवटची पायरी इतरांपेक्षा इंचभर उंच आहे. पाहताना ते जाणवतही नाही, पण पायाला आधीच्या पायऱ्यांचे माप बसलेले असते आणि आई तिथे दोनदा अडखळली. तिची खोली आम्ही खाली हलवली.

वस्तीबद्दल मात्र मनापासून समाधान आहे. आमची गल्ली पुढे बंद असल्याने येथून वाहनांची ये-जा होत नाही. संध्याकाळी मुले रस्त्यावर सायकली चालवतात आणि मोठी माणसे फाटकापाशी उभी राहून बोलतात. अशी ओळख झाली नसती, तर आम्ही आजही त्या भिंतीला रंगच देत बसलो असतो. दुकाने आणि दवाखाना ‘पाच मिनिटांवर’ असल्याचे सांगितले होते. ती मिनिटे मोटारीची निघाली. अंतर 2 किलोमीटर, म्हणजे पायी जवळपास अर्धा तास, आणि वाटेत पदपथ दोन ठिकाणी तुटलेला आहे. आई एकटी तिथवर जाऊ शकत नाही, दर वेळी घरातले कोणीतरी सोबत जाते.