सायटिस ट्रेड डेटाबेस: नोंदी भरणारीच्या खुर्चीतून

सायटिस ट्रेड डेटाबेस वापरायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. सायटिस म्हणजे धोक्यातल्या वन्यप्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार. तो १९७५ मध्ये लागू झाला, तेव्हापासूनचा करारातल्या जातींचा कायदेशीर आंतरराष्ट्रीय व्यापार या डेटाबेसमध्ये ओळीने नोंदलेला आहे. देशोदेशीचे वार्षिक अहवाल केंब्रिजच्या यूएनईपी-डब्ल्यूसीएमसी या, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी जोडलेल्या केंद्राकडे जातात आणि तिथे एकत्र होतात. त्या अहवालातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या परवान्यावरून आलेली असते. परवाना वाचून ओळ भरायची, हेच माझं तीन वर्षांचं काम. आपण भरलेलं पुढे कसं दिसतं हे बघायला मी हा डेटाबेस जवळजवळ रोज उघडते.

शोधायला सोपा आहे. वर्षं निवडा, निर्यात करणारा आणि आयात करणारा देश निवडा, जातीचं नाव टाका, फाइल उतरवून घ्या. नावाबद्दल शंका असेल तर सोबतीला स्पीशीज प्लस ही वेबसाइट आहे. जुन्या परवान्यावरचं नाव आता कुठल्या नावाखाली धरतात आणि ती जाती कराराच्या कुठल्या परिशिष्टात, म्हणजे संरक्षणाच्या कुठल्या यादीत आहे, दोन्ही तिथे कळतं. स्पेलिंग तिथे पडताळल्याशिवाय मी एकही नाव भरत नाही.

खरी मेख जीव कुठून आला हे सांगणाऱ्या कोडमध्ये आहे. रानातून धरलेला प्राणी म्हणजे डब्ल्यू, बंदिस्त पैदाशीचा म्हणजे सी, अंडी किंवा पिल्लं रानातून आणून वाढवली असतील तर आर, जप्तीचा माल म्हणजे आय. डब्ल्यूच्या जागी सी पडला तर रानातून उचललेला जीव कागदावर फार्ममधला होतो. पुढे कोणी अभ्यासक तीच ओळ वाचून रानावरचा ताण कमी झाला असं म्हणेल. म्हणून हा रकाना मी दोनदा वाचते.

त्याहून नाजूक रकाना एककाचा. माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. वाळवलेल्या समुद्रघोड्यांचा परवाना होता, वर्णनाच्या जागी बीओडी, म्हणजे अख्खं मृत शरीर, आणि आकडा ४०. मी ४० टाकले आणि एकक रिकामं सोडून पुढे गेले. या डेटाबेसमध्ये एकक रिकामं असेल तर आकडा नगांचा धरतात. संध्याकाळी तपासणाऱ्या ताईंनी मूळ कागद पुन्हा माझ्यासमोर ठेवला. शिक्क्याच्या शाईखाली ‘किलो’ असं अंधुक दिसत होतं. वाळलेला समुद्रघोडा जेमतेम दोन-तीन ग्रॅमचा असतो. म्हणजे ४० किलोंत तेरा हजारांच्या वर जीव, आणि मी चाळीस लिहून मोकळी झाले होते. ताई रागावल्या नाहीत. “शिक्का नेहमी बाजूला सारून वाचायचा,” एवढंच म्हणाल्या. ती ओळ मी अजून विसरलेले नाही.

डेटाबेसची मला सर्वांत आवडणारी गोष्ट नवख्यांना हमखास खटकते. एकाच व्यवहाराचे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, एक निर्यातदार देशाने कळवलेला आणि दुसरा आयातदार देशाने, आणि ते बरेचदा जुळत नाहीत. म्हणून लगेच चोरी झाली असं समजू नये. काही देश दिलेल्या परवान्यांवरून अहवाल करतात, मग प्रत्यक्षात माल कमी गेला तरी आकडा परवान्याचाच राहतो. डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत पोहोचला तर दोन नोंदी दोन वेगळ्या वर्षांत पडतात. दोन्ही आकडे जसेच्या तसे ठेवले आहेत, कोणी मध्ये बसून त्यांची सरासरी काढलेली नाही. याच कारणाने माझा या डेटाबेसवर विश्वास आहे.

उणिवा आहेत. अहवाल पुढच्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो आणि अनेकांचे त्यानंतरही येतात, त्यामुळे अलीकडची वर्षं अर्धवट असतात. तिथे आकडा घसरलेला दिसला की व्यापार घटला म्हणायची घाई करू नका. ‘हिप्पोकॅम्पस एसपीपी.’, म्हणजे नुसतं ‘कुठलातरी समुद्रघोडा’, अशा नोंदी माझ्या जिवाला लागतात, कारण नेमकी कुठली जाती गेली हे त्यातून कधीच कळणार नाही. आणि तस्करी शोधायला आलात तर जागा चुकली. बेकायदा व्यापाराचा वार्षिक अहवाल २०१७ पासून देशांकडून वेगळा मागवला जातो आणि तो या डेटाबेसमध्ये येत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. विद्यार्थी, पत्रकार, संवर्धनात काम करणारे, सगळ्यांनी वापरावा. फक्त सोबतची मार्गदर्शिका आधी वाचा, आणि बेरीज करण्यापूर्वी फाइल एककाप्रमाणे वेगळी करून घ्या. किलो आणि नग एकाच बेरजेत घातलेले तक्ते माझ्याकडे अजूनही तपासायला येतात. आजही एक आला आहे, समुद्रघोड्यांचाच, आणि तो मी मूळ परवान्यांसकट ताईंच्या टेबलावर ठेवून आले आहे.