घर जळाल्यावर दारात येणाऱ्या ‘सर्व्हेअर’ला एक रुपयाही देऊ नका

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटला शॉर्टसर्किटने आग लागली. स्वयंपाकघर आणि हॉल जळून खाक. विमा कंपनीला फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी गळ्यात कार्ड अडकवलेला माणूस हजर: “मी सर्व्हेअर.” म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान मोजणारा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सर्व्हे फी १८,५००. ‘फाइल पुढे सरकवायला’ जीएसटीसकट २७,०००. मलबा उचलणाऱ्या त्याच्याच माणसाला ४०,००० आगाऊ. एकूण ८५,५०० रुपये.

त्याने जळालेल्या बोर्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. अग्निशमन दलाचा दाखला मागितला नाही, पंचनामा मागितला नाही. फोटो काढले ते आधार कार्डाचे आणि पासबुकाचे! पैसे पाठवताना स्क्रीनवर कुणा बाईचं नाव आलं. विचारलं, तर “आमच्या अकाउंटंट मॅडम.” तिथेच हात थांबायला हवा होता. पण आई धुराने गुदमरून दवाखान्यात, अंगावर शेजाऱ्यांचे कपडे, आणि सर्व्हेअर येणार हे कंपनीनेच सांगितलेलं. माझ्या जागी कुणीही पैसे दिले असते.

खरा सर्व्हेअर नंतर आला. त्याची फी विमा कंपनी देते, आपण नाही. नेमणूक झालेल्याचं नाव कंपनीला फोन करून विचारा, मगच दार उघडा. सर्व्हे होईपर्यंत जळकं सामान हलवू नका. घराच्या विम्याच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत मलबा हटवायचा खर्चही मिळतो, दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत. हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

पोलीस ठाण्यात तर कहरच. “पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं, म्हणून “आमच्या हद्दीत येत नाही.” सायबरवाल्यांनी परत ठाण्याकडे पिटाळलं. बँकेतल्या साहेबांनी मानही वर केली नाही. घर जळालेल्या माणसाला बसा म्हणायचीही यांना फुरसत नाही! शेवटी साधा अर्ज घेतला, गुन्हा नाही. हद्दीचं कारण खोटं आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र (पोलीस थेट नोंदवू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. नकार मिळाला तर वरिष्ठांना लेखी पाठवा, पोचपावती जपा. मी पाठवलंय.

आणि पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच मिनिटाला. माझा फोन जाईपर्यंत ते खातं रिकामं झालं होतं.