गळ्यातलं बटण, मनगटावरचं घड्याळ की भिंतीवरचा सेन्सर?

एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी, ते पडले किंवा अडचणीत आले तर कुणाला तरी कळावं म्हणून काही घ्यायचं ठरलं की मुलं फीचर्स बघतात. आईवडिलांच्या मनात वेगळंच असतं: हे घातलं तर लोक मला आजारी समजतील का? आणि माझ्या घरात डोकावणार कोण?

गळ्यातलं बटण सगळ्यात साधं, दाबलं की मदतीसाठी निरोप जातो. रोजच्या चार्जिंगची कटकट नाही, बहुतेक पाण्यातही चालतात, म्हणजे आंघोळीलाही काढायला नको. पण ते दाबावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पडल्यावर बराच वेळ जमिनीवरच राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी हाताशी असलेला अलार्म वापरलाच नव्हता. कुणी तो घातलेला नसतो, कुणाला वाटतं आपलं आपण उठू. ‘उगाच कशाला कुणाला त्रास’ हे तर ठरलेलंच. शिवाय पाहुणे आले की बटण ब्लाउजच्या आत किंवा थेट कपाटात!

घड्याळाला ही लाज आड येत नाही, घड्याळ सगळेच घालतात. २०१८ च्या अॅपल वॉचपासून जोरात पडल्याचं घड्याळालाच कळतं, आणि माणूस मिनिटभर हलला नाही तर ते स्वतःच फोन लावतं. मात्र अशी बरीच घड्याळं रोज चार्ज करावी लागतात, आणि ती सहसा रात्री चार्जिंगला लागतात. रात्री अंधारात बाथरूमकडे जाताना मनगट रिकामं. शिवाय हळूच घसरून खाली बसलं तर ते घड्याळाच्या लक्षात येईलच असं नाही.

भिंतीवरच्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला काही घालायचं नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. चित्र दिसत नाही, फक्त कुठल्या खोलीत हालचाल झाली ते कळतं. विसराळूपणा सुरू झाला असेल तर हाच बरा. पण सकाळी स्वयंपाकघरात कुणी फिरकलं नाही हे मुलांना कळेपर्यंत वेळ गेलेला असतो, तेव्हा पडण्याचीच भीती असेल तर एवढ्यावर विसंबू नका.

कॅमेरा? त्यांनी स्वतः मागितला तरच.

माझं मत विचाराल तर हिंडत्याफिरत्या माणसाला घड्याळ, आणि बाथरूममध्ये हात पोचेल इतक्या खाली एक बटण. घेण्याआधी मात्र सूचना कुणाच्या फोनवर जाणार हे त्यांनाच ठरवू द्या. बऱ्याच जणांना मुलापेक्षा शेजारीण चालते.